ट्रॅकखालची जमीन

ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटनेनं २०३६ च्या ऑलिंपिकच्या यजमानपदासाठी इरादापत्र पाठवलं. तेव्हापासून आपल्याकडे एक वाद अधूनमधून उफाळून येतो आणि दर वेळी त्यात २०१६ चं ऑलिंपिक भरवलेल्या ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरोचं नाव निघतं. एक पक्ष म्हणतो, रिओकडे बघा, स्टेडियमं ओस पडली, तलावांतलं पाणी हिरवं झालं, सरकारची तिजोरी खडखडली. दुसरा पक्ष म्हणतो, रिओकडेच बघा, बसचे स्वतंत्र मार्ग झाले, मेट्रो लांबली, जुन्या बंदराचा परिसर मोकळा श्वास घेऊ लागला. दोघंही रिओचेच फोटो दाखवतात आणि दोघांचेही फोटो खरे आहेत. तरी हा वाद मला पहिल्यापासून चुकीच्या जागी चालल्यासारखा वाटतो, कारण दोन्ही पक्ष इमारतींकडे बघतात. इमारती उभ्या राहण्याआधी तिथं काय होतं, ती जमीन कुणाची होती आणि सोहळा आटोपल्यावर ती कुणाच्या नावावर गेली, हे विचारताना मी फार थोड्यांना ऐकलं आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. रिओच्या ऑलिंपिकची खरी गोष्ट पदकांत नाही, ओस पडलेल्या तरणतलावांतही नाही. ती जाकारेपाग्वा नावाच्या भागात आहे. तिथं शहराच्या मालकीचा, जगभर नाव असलेला मोटारशर्यतींचा ट्रॅक होता. खेळासाठी जागा हवी म्हणून तो मोडला, आणि त्या खेळाच्या नावाखाली सार्वजनिक जमिनीचा मोठा हिस्सा उंच इमारती बांधणाऱ्यांकडे वळवला गेला. ट्रॅक मोडणं हा गुन्हा होता असं मी म्हणत नाही. शहरं बदलतात, बदलायलाच हवीत. पण सार्वजनिक जमिनीचा उपयोग बदलताना नव्या उपयोगाचा लेखी हिशेब आधी मांडला गेला नाही, तर ‘मोजक्यांचा शौक बंद करून सगळ्यांसाठी जागा मोकळी केली’ या वाक्यावर कुणीही विश्वास ठेवू नये.

आधी जागा समजून घेऊ. जाकारेपाग्वा हे नाव तुपी या तिथल्या मूळच्या भाषेतलं. त्यात ‘जाकारे’ म्हणजे मगरीच्या जातीतला केमन. केमनांच्या उथळ तळ्याचा हा प्रदेश. रिओच्या पश्चिमेला, डोंगर आणि खाजणं यांच्या मधल्या या सपाटीवर १९७० च्या दशकात पाणथळ जमिनीवर भराव घालून सुमारे पाच किलोमीटरचा ट्रॅक बांधला गेला. १९७८ मध्ये तिथं पहिल्यांदा फॉर्म्युला वनची ब्राझिलियन ग्रां प्री झाली आणि १९८१ ते १९८९ अशी सलग नऊ वर्षं ती तिथंच राहिली. पुढं या ट्रॅकला रिओत जन्मलेल्या शर्यतपटू नेल्सन पिकेचं नाव दिलं गेलं.

इथली शर्यत मोसमाच्या सुरुवातीला, बहुतेक वेळा मार्च-एप्रिलच्या उन्हात व्हायची. अग्निशमन दलाचे जवान गॅलरीतल्या गर्दीवर पाण्याचे फवारे सोडायचे आणि लोक ते अंगावर घ्यायला पुढं सरसावायचे. १९८२ ची शर्यत पिकेनं त्याच उन्हात जिंकली आणि विजयमंचावर उभा असतानाच तो चक्कर येऊन कोसळला. पुढं वजनाच्या नियमावरून त्याला आणि दुसऱ्या आलेल्या रोसबर्गला बाद ठरवलं गेलं आणि तिसरा आलेला अलँ प्रोस्ट विजेता झाला. हे सांगतोय ते एवढ्यासाठी, की ती जागा शहराच्या आठवणीत आहे. ज्या माणसाचं नाव फाटकावर लागलं, तो त्याच फाटकाच्या आत, स्वतःच्या गावच्या लोकांसमोर पडला होता. ट्रॅक म्हणजे नुसता डांबराचा पट्टा, असं म्हणणाऱ्यांनी निदान एवढं तरी लक्षात ठेवावं.

१९९० मध्ये फॉर्म्युला वन साओ पावलोच्या इंटरलागोसला परत गेली. जाकारेपाग्वात नंतर मोटारसायकलींच्या जागतिक शर्यती, म्हणजे आजची मोटोजीपी, आल्या, कार्ट या अमेरिकी मोटारशर्यतींच्या मालिकेसाठी लंबवर्तुळाकार ट्रॅक तयार झाला. पण २००० नंतर कार्ट गेली आणि २००४ नंतर मोटोजीपीही. पॅन अमेरिकन स्पर्धा २००७ मध्ये रिओत व्हायच्या होत्या. त्यासाठी ट्रॅकचा एक मोठा तुकडा तोडून तिथं पोहण्याचं संकुल, एक बंदिस्त अरीना आणि सायकल शर्यतींचा वेलोड्रोम उभारण्यात आला. ट्रॅक आखूड झाला, राहिलेल्या तुकड्यावर देशी शर्यती चालू राहिल्या. २ ऑक्टोबर २००९ रोजी कोपनहेगनमध्ये रिओला ऑलिंपिक मिळालं आणि २०१२ मध्ये राहिलेला ट्रॅकही बंद करून उखडण्यात आला. त्या जागेवर सुमारे ११ लाख ८० हजार चौरस मीटरचं ऑलिंपिक पार्क झालं.

आता समोरच्या बाजूचं ऐकू, कारण त्यांचे मुद्दे कच्चे नाहीत.

पहिला मुद्दा असा: एवढी मोठी सार्वजनिक जमीन वर्षातले मोजके दिवस वापरली जायची आणि तीही अशा खेळासाठी, ज्यात भाग घ्यायला खिशात भरपूर पैसा लागतो. आवाज, धूर, देखभालीचा खर्च सगळ्यांनी सोसायचा आणि गाडी चालवायची कुणी, तर ज्याला प्रायोजक मिळतो त्यानं. अशी जागा पोहणाऱ्या, धावणाऱ्या, कुस्ती खेळणाऱ्या पोरांसाठी वापरली तर कुणाच्या पोटात का दुखावं?

हे मला पटतं. मोटारशर्यत हा गरिबाचा खेळ नाही. पण मग तोच मापदंड पुढच्या उपयोगालाही लावायला हवा. पॅन अमेरिकन स्पर्धांसाठी ट्रॅक तोडून बांधलेला वेलोड्रोम अवघ्या सहा वर्षांत ऑलिंपिकला अयोग्य ठरला. प्रेक्षकांच्या आड येणारे खांब आणि ट्रॅकचा आकार ही कारणं दिली गेली. २०१३ मध्ये तो पाडून त्याचे सुटे भाग गोइयानिया शहराला पाठवले गेले. त्याच आवारात नवा वेलोड्रोम उभा राहिला आणि स्पर्धेनंतर वर्षभरात, जुलै २०१७ मध्ये, हवेत सोडलेला एक कागदी कंदील छपरावर पडून त्याचं छत जळालं. पोहण्याच्या शर्यतींसाठी बांधलेलं तात्पुरतं स्टेडियम उकलून दुसरीकडे नेण्याचं वचन होतं, ते कितीतरी काळ फाटक्या पडद्यांसह तसंच उभं राहिलं. हँडबॉलच्या अरीनातून चार शाळा व्हायच्या होत्या, त्या कामाला हात लागायलाही वर्षं गेली. म्हणजे ‘वर्षातले मोजके दिवस वापर’ हा दोष असेल, तर ट्रॅकच्या जागी आलेल्या गोष्टींचं पारडं किती जड भरलं? ट्रॅकवर निदान स्थानिक क्लबांच्या शर्यती चालत होत्या, मेकॅनिक पोरं तिथं हात काळे करून शिकत होती.

दुसरा मुद्दा पैशाचा आणि तो जास्त भक्कम आहे. खाजगी जमीन विकत घेऊन ऑलिंपिक पार्क करायचं म्हटलं असतं तर जनतेच्या पैशाची रास ओतावी लागली असती. नगरपालिकेनं त्याऐवजी भागीदारी केली. ओदेब्रेश्ट, आंद्राद गुतिएरेस आणि कार्वाल्यो ऑस्कन या तीन कंपन्यांच्या संघानं रस्ते, पाणी, गटारं आणि काही इमारती बांधायच्या. मोबदल्यात स्पर्धा संपल्यावर पार्कच्या जमिनीचा सुमारे ७५ टक्के भाग त्यांना विकसित करायला मिळायचा. सरकारी तिजोरीतून रोख पैसा कमी गेला, एवढं खरं.

पण जमीन म्हणजे पैसा नव्हे काय? घरातली भांडी विकून लग्न लावलं आणि वर म्हटलं की कर्ज काढलं नाही, तर घरची बाई काय म्हणेल? रोखीत दिलेला रुपया अर्थसंकल्पात छापला जातो, त्यावर सभागृहात भांडण होतं, वर्तमानपत्रात आकडा येतो. जमिनीत दिलेला रुपया कुठंच छापला जात नाही. तो दिसतो दहा-वीस वर्षांनी, वर गेलेल्या मजल्यांमध्ये. तेव्हा करारावर सही करणारे पदावर नसतात आणि भांडायला कुणी उरलेलं नसतं. ‘सरकारचा पैसा वाचला’ हे वाक्य म्हणूनच मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. ते खोटं नाही, पण त्यातून मुख्य किंमत वगळलेली आहे.

रिओनं हे पहिल्यांदा केलेलं नाही. शहराच्या मध्यभागी कास्तेलो नावाची टेकडी होती. १५६७ मध्ये पोर्तुगीजांनी आपली वस्ती या टेकडीवर हलवली, म्हणजे हे रिओचं जुनं गावठाणच. १९२२ मध्ये ब्राझीलच्या स्वातंत्र्याची शंभरी होती, मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरवायचं होतं. तोवर टेकडीवर गरीब कुटुंबं दाटीनं राहत होती. महापौर कार्लोस सांपायो यांनी टेकडीच हटवायची ठरवली. कारण काय दिलं? टेकडीमुळे शहराला वारा मिळत नाही, रोगराई पसरते. पाण्याचे जोरदार फवारे मारून टेकडी धुऊन काढली आणि ती माती समुद्राच्या भरावात गेली. माणसं लांबच्या उपनगरांत पांगली. प्रदर्शन झालं, पाहुणे आले आणि गेले. सपाट झालेली मोकळी जमीन पुढं सरकारी आणि व्यापारी इमारतींनी भरली. आजही तिथं मिझेरिकोर्दिया नावाच्या चढाचा दगडी रस्ता थोडासा शिल्लक आहे. तो वर चढतो आणि मध्येच संपतो, कारण तो ज्या टेकडीवर जायचा ती टेकडीच नाही. सोहळ्याची तारीख जवळ आली की प्रश्न विचारायला वेळ नसतो, आणि तो वेळ नसणं कुणाच्या तरी फायद्याचं असतं. १९२२ आणि २०१६ मध्ये फरक एवढाच, की तेव्हा पाण्याचे फवारे होते आणि आता बुलडोझर.

तिसरा मुद्दा माणसांचा. तो मी शेवटी ठेवला, कारण या सगळ्या वादात ही माणसं बहुतेक वेळा तळटीप म्हणून येतात.

ट्रॅकच्या एका बाजूला, जाकारेपाग्वाच्या खाजणाच्या काठी एक वस्ती होती. आधी कोळ्यांची, मग ट्रॅकच्या आणि आसपासच्या बांधकामांवर राबणाऱ्या मजुरांची. ट्रॅकच्या शेजारची म्हणून तिचं नाव पडलं विला आउतोद्रोमो, म्हणजे ट्रॅकवाडीच. गटार नाही, डांबरी रस्ता नाही, पण पक्की घरं होती, झाडं होती, कामगारांचा संत मानल्या जाणाऱ्या योसेफाचं छोटं देऊळवजा चर्च होतं. विशेष म्हणजे १९९० च्या दशकात राज्य सरकारनं इथल्या अनेक कुटुंबांना ९९ वर्षांच्या वापराचे लेखी हक्क दिले होते. रिओतल्या वस्त्यांमध्ये असा कागद हातात असणं दुर्मीळ. त्याच दशकात नगरपालिका मात्र ही वस्ती परिसराचं सौंदर्य आणि पर्यावरण बिघडवते म्हणून ती हटवायला कोर्टात गेली होती. त्या काळात या भागाचा उपमहापौरासारखा कारभार बघणारा तरुण अधिकारी होता एदुआर्दो पाएस. ऑलिंपिकच्या वर्षांत तोच रिओचा महापौर होता.

नगरपालिकेच्या बाजूनं जे बोलता येईल ते बोलू. लोकांना वाऱ्यावर सोडलं नाही. किलोमीटरभर अंतरावर पार्के कारिओका नावाची नवी वसाहत बांधली, फ्लॅट दिले, ज्यांना ते नको होते त्यांना रोख भरपाई दिली आणि काहींना ती बाजारभावाच्या जवळपास मिळाली. वस्तीत गटार नव्हतं, सांडपाणी सरळ खाजणात जायचं. अनेक कुटुंबं आपणहून, आनंदानं गेली. बायकांना नळाचं पाणी आणि संडास घरात मिळाला. हे कुणी नाकारू नये. वस्तीवरच्या प्रेमापोटी वस्तीतली गैरसोय गोड करून सांगणं हा त्या माणसांवरच अन्याय आहे.

पण मग एका प्रश्नाचं उत्तर हवं. ऑलिंपिक पार्कच्या आराखड्यासाठी जी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, तिच्यात जिंकलेल्या आराखड्यात ही वस्ती शाबूत होती. म्हणजे जगातल्या नामांकित रचनाकारांना ही माणसं तिथं राहूनही ऑलिंपिक होईल असं वाटत होतं. वस्तीनं तर आणखी पुढची पायरी गाठली. रिओ परिसरातल्या दोन सार्वजनिक विद्यापीठांतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन त्यांनी स्वतःचा आराखडा काढला. गटारं कशी घालायची, खाजणाच्या काठापासून किती घरं मागं सरकवायची, मैदान कुठं, पाळणाघर कुठं, हे सगळं कागदावर. सगळ्यांना हलवण्यापेक्षा सुधारणा स्वस्त पडते, हेही त्यांनी आकड्यांनिशी मांडलं. २०१३ मध्ये या आराखड्याला नगररचनेचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सांडपाणी ही अडचण असेल, तर सांडपाण्याचा उपाय समोर होता. मग अडचण नेमकी कोणती होती? माझं उत्तर सरळ आहे. ज्या जमिनीवर उद्या महागडे टॉवर विकायचे, तिच्या दारात कोळ्यांची वस्ती नको होती.

सुमारे ६०० कुटुंबं होती. २०१५ पर्यंत बहुतेक गेली. राहिलेल्यांच्या आसपास पाडलेल्या घरांचे ढिगारे, दिवसभर धूळ, कधी वीज गेलेली, कधी पाणी गेलेलं. गेलेल्याचं घर लगेच पाडायचं आणि राडारोडा मात्र उचलायचा नाही, म्हणजे शेजारच्याला उंदीर, डास आणि भीती सोबतीला. आपल्याकडे ज्यांनी पुनर्विकासातली इमारत अर्धी रिकामी होताना पाहिली असेल, त्यांना हे वेगळं सांगायला नको. जून २०१५ मध्ये घरं पाडायला आलेल्या पथकासमोर लोकांनी हात धरून साखळी केली, तेव्हा वस्तीच्या लढ्यात पुढं असलेल्या एका बाईचं नाक फुटलं. त्याच बाईचं घर ८ मार्च २०१६ रोजी पाडलं गेलं, आणि त्याच दिवशी, महिला दिनाच्या कार्यक्रमात, राज्याच्या विधानसभेत तिचा सन्मान व्हायचा होता. तिनं घर सोडलं आणि चर्चमध्ये मुक्काम हलवला, पण वस्ती सोडली नाही. शेवटी नगरपालिकेला नमावं लागलं. २० कुटुंबांसाठी तिथंच २० नवी पांढरी घरं बांधून दिली गेली. ६०० पैकी २०. स्पर्धेच्या अगदी तोंडावर किल्ल्या हातात पडल्या.

भरपाई मिळाली म्हणजे प्रश्न मिटला, असं म्हणणाऱ्यांनी त्याच जाकारेपाग्वात थोडं पुढं जावं. तिथं सिदादे दे देउस आहे, म्हणजे ‘देवाचं शहर’. १९६० च्या दशकात गव्हर्नर कार्लोस लासेर्दा यांच्या काळात शहरातल्या चांगल्या, मोक्याच्या जागांवरच्या वस्त्या उठवल्या गेल्या, आणि तिथल्या माणसांना या लांबच्या वसाहतीत आणून टाकलं गेलं. तेव्हाही घरं दिली होती. भिंती होत्या, छप्पर होतं, दाराला क्रमांक होता. नव्हतं ते काम, बस आणि ओळखीचा शेजार. पुढं तिथं टोळ्यांची हिंसा माजली, ते ‘सिटी ऑफ गॉड’ या सिनेमामुळे जगाला माहीत आहे. घर म्हणजे चार भिंती एवढाच हिशेब लावला की तो हिशेब पुढच्या पिढीच्या रक्तातून वसूल होतो. आणि जो भाग १९६० च्या दशकात ‘लांब’ होता म्हणून गरिबांना दिला, तिथलीच जमीन २०१० च्या दशकात ‘मोक्याची’ झाली म्हणून गरिबांकडून घेतली. मग गरिबांनी या शहरात नेमकं कुठं राहायचं?

इथवर वाचून शर्यतीचे चाहते माना डोलावतील. पण त्यांच्याशीही मला भांडायचं आहे. ट्रॅक गेला याचं दुःख त्यांनी जगभर मांडलं. बातम्या, फोटो, जुन्या शर्यतींच्या आठवणी. त्या सगळ्या हळहळीत भिंतीपलीकडची वस्ती जवळजवळ नव्हतीच. ट्रॅकवाले आणि ट्रॅकवाडीवाले एकत्र उभे राहिले असते, तर दोघांच्या म्हणण्याला वजन आलं असतं, कारण दोघांचा विरोधक एकच होता. ते झालं नाही. उलट चाहत्यांना बदल्यात शब्द मिळाला, की रिओच्याच देओदोरो भागात नवा ट्रॅक बांधून देऊ, आणि त्यावर बरेच जण गप्प बसले. ती जागा लष्कराची होती, आणि तिथं कांबोआताचं जंगल होतं. सुमारे २०० हेक्टरचं, शहराच्या त्या भागात उरलेलं सपाटीवरचं अटलांटिक जंगल. २०१९ मध्ये ब्राझीलचे तेव्हाचे अध्यक्ष बोल्सोनारो यांनी फॉर्म्युला वन पुन्हा रिओला आणणार, ट्रॅक देओदोरोत होणार, अशी घोषणा केली. स्थानिक रहिवासी आणि वनस्पतीशास्त्रज्ञ जंगलासाठी उभे राहिले, फॉर्म्युला वनचा जगज्जेता लुईस हॅमिल्टननंही झाडं तोडून ट्रॅक नको असं जाहीरपणे म्हटलं. अखेर २०२१ च्या सुरुवातीला, पुन्हा महापौर झालेल्या पाएस यांच्या नगरपालिकेनं परवानगीचा अर्ज मागं घेतला. जंगल वाचलं. पण साखळी बघा: ट्रॅक मोडला खेळासाठी, मोडलेल्या ट्रॅकची भरपाई म्हणून जंगल तोडायचं ठरलं, आणि मूळ ट्रॅकच्या जागेचा मोठा हिस्सा टॉवर बांधणाऱ्यांना गेला. दर वेळी आधीच्या नुकसानीचं कारण पुढं करून नवं नुकसान मागितलं गेलं. वारशाचं प्रेम खरं असेल, तर ते दुसऱ्याचं झाड आणि दुसऱ्याचं घर मागत नाही.

मग ट्रॅक जपणारं शहर शहाणं म्हणायचं का? साओ पावलोकडे बघून मला अर्धं ‘हो’ म्हणावंसं वाटतं. इंटरलागोस म्हणजे दोन जलाशयांच्या मधली जागा, ग्वारापिरांगा आणि बिलिंग्स. तिथला ट्रॅक १९४० चा. तो आधी जवळजवळ आठ किलोमीटरचा होता. फॉर्म्युला वनला परत बोलावताना, १९९० मध्ये, लुइझा एरुंदिना महापौर असताना, तो जवळजवळ अर्ध्यावर आणला गेला. आखूड केला, पण नगरपालिकेच्या हातातून सोडला नाही. आज त्याच आवारात मोठे संगीत महोत्सव होतात. २०१७ मध्ये महापौर झालेल्या जोआओ दोरिया यांनी तो विकायचा प्रस्ताव आणला होता, त्यालाही लोकांनी प्रश्न विचारले आणि विक्री झाली नाही. फॉर्म्युला वनचा करार आता २०३० पर्यंत आहे. अर्धंच ‘हो’ म्हणतो, कारण त्या जलाशयांच्या काठी हजारो कुटुंबं अजूनही गटारांविना राहतात आणि ट्रॅकची चकाकी त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही. तरी एक फरक राहतोच. इंटरलागोसची जमीन अजून शहराची आहे. उद्या साओ पावलोच्या लोकांना वाटलं की इथं बाग हवी, शाळा हवी, घरं हवीत, तर ते मागू शकतात. जाकारेपाग्वात मागायला फारसं काही उरलेलं नाही. लोकांची जमीन चुकीच्या कामाला लावली तर ती चूक दुरुस्त होते, एकदा हातातून गेली की दुरुस्तीचा रस्ताच बंद होतो.

हे लिहिताना मला सारखं गिरणगाव आठवतं. करी रोडच्या पुलावर उभं राहिलं की लहानपणी चिमण्या मोजता यायच्या, आता त्याच जागी मजले मोजावे लागतात. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमानं गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानानं तीन वाटे केले होते: एक मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. मुंबईच्या मध्यभागी शेकडो एकरांचा तो विचार होता. २००१ मध्ये नियमात बदल झाला आणि वाटणी सगळ्या जमिनीची न राहता फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या तुकड्याची झाली. दोन ओळींचा बदल. गिरणीची शेड जिथं उभी होती ती जमीन हिशेबाबाहेर गेली आणि पालिकेच्या, म्हाडाच्या वाट्याला उरल्या चिंधड्या. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो बदल मान्य केला. त्या वेळी आपण कशावर वाद घालत होतो? गिरण्या आजारी होत्या की मुद्दाम पाडल्या, संप चुकला की नाही, मॉल हवेत की नकोत. त्या वादांत तथ्य होतं. पण जमीन त्या दोन ओळींमधून गेली, आणि त्या ओळी वाचायला बसलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

म्हणून २०३६ चा वाद पुन्हा पेटेल तेव्हा, यजमानपद हवं म्हणणाऱ्यांना आणि नको म्हणणाऱ्यांना, दोघांना माझं सांगणं आहे: पदकांचा अंदाज आणि स्टेडियमचा खर्च जरा बाजूला ठेवा आणि आधी नकाशा मागा. कुठली जमीन, आज कुणाच्या नावावर, आज तिच्यावर कोण राहतं, काय पिकतं, काय खेळलं जातं. समारोपाच्या दुसऱ्या दिवशी ती कुणाच्या ताब्यात असेल. विकासकाला जमिनीत मोबदला द्यायचा असेल तर त्या जमिनीची बाजारातली किंमत रुपयांत लिहून अर्थसंकल्पात दाखवा. तात्पुरत्या इमारती उकलायच्या असतील तर त्या कोण उकलणार, कुठल्या तारखेला आणि कुणाच्या खर्चानं, हे करारात हवं. उठवल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तीचा स्वतःचा आराखडा, असेल तर, सरकारी आराखड्याच्या शेजारी ठेवून जाहीर सुनावणी व्हायला हवी, आणि तीही शहराला यजमानपद मिळण्याआधी. ते मिळाल्यावर तारखेची घाई सुरू होते आणि घाईत सुनावण्या फक्त उरकल्या जातात. हे सगळं मागणं म्हणजे खेळाला विरोध करणं नाही. मला स्वतःला धावण्याच्या शर्यती बघायला फार आवडतात. ज्याला खेळ मनापासून हवा आहे, त्यानंच तो जमिनीच्या सौद्याची ताडपत्री म्हणून वापरला जाऊ नये यासाठी आधी भांडायला हवं.

विला आउतोद्रोमोतल्या उरलेल्या लोकांनी मे २०१६ मध्ये एक संग्रहालय सुरू केलं, विस्थापनाचं संग्रहालय. इमारत नाही. पाडलेल्या घरांच्या विटा, फरशा, दारांचे तुकडे, आणि कुणाचं घर कुठं होतं ते सांगणारे फलक. पाहुण्यांना तिथले रहिवासी स्वतः चालत फिरवतात: इथं विहीर होती, इथं आंब्याचं झाड होतं, इथून शर्यतीच्या दिवशी गाड्यांचा आवाज यायचा. समोरच्या ऑलिंपिक पार्कच्या परिसराला अलीकडे जाकारेपाग्वापासून वेगळं काढून ‘बार्रा ऑलिंपिका’ असं भारदस्त नाव दिलं गेलं आहे. पिकेचं नाव असलेलं फाटक गेलं, गॅलऱ्या गेल्या, डांबर गेलं. इथं कधीकाळी ट्रॅक होता, हे आज त्या भागात फक्त त्या वीस घरांच्या वाडीचं नाव सांगतं.